मचूळ

कंपनीने पाठवलं होतं, चार दिवस,
लेव्हलचं नवं यंत्र शिकायला.
परत आलो तर मुहर्रकच्या खोलीत एसी तसाच खोकतोय
आणि शाजू विचारतो, काय काय पाहिलंस?
पाणी, मी म्हणालो.
तो हसला. पाण्यातच तर राहतो आपण,
त्यासाठी स्टॉकहोम कशाला?

खरं आहे.
ते शहर बेटांवर बसलंय, किती ते मी मोजलं नाही,
मोजणं हाच ज्याचा धंदा तो सुट्टीत मोजत नाही.
पुलावरून चालताना कुठलं बेट सुटलं, कुठलं लागलं
कळायचं नाही.
जुन्या भागात गल्ल्या इतक्या चिंचोळ्या
की समोरून कुणी आलं तर एकाने अंग चोरायचं,
जसं इथे, मोतीवाल्यांच्या घरांमागे,
भिंतीतल्या प्रवाळाला खांदा घासत.
हीसुद्धा राजधानीच होती एकेकाळी.
आता शाजूचं सलून आहे, आणि मांजरं.

शिकवणारी उल्रिका. तिने तिसऱ्या दिवशी
शहराबाहेर एक कातळ दाखवला.
कातळात लोखंडी कडी, गंजलेली.
बोटी बांधायचे इथे, म्हणाली.
पाणी तर खाली होतं, चांगलं पुरुषभर खाली.
ओसरलं का? मी विचारलं.
नाही, जमीन वर आली.
बर्फ होता म्हणे हिच्यावर, डोंगराएवढा,
तो वितळून हजारो वर्षं झाली,
ही अजून उठतेय, वर्षाला चार-पाच मिलिमीटर,
उशीवरचा खळगा
डोकं उठून गेल्यावर भरत येतो, तशी.

मी काही बोललो नाही.
काय सांगणार, मी काय मोजतो?
समुद्रातली वाळू उपसून समुद्रातच ओततो आम्ही,
तिला जमीन म्हणतो, तिच्यावर बंगल्यांचे नंबर टाकतो,
आणि दर गुरुवारी मी पट्टी घेऊन उभा,
किती खचली ते लिहायला.
एकोणीस वर्षं.
आमच्या भाषेत माणूसही खचतोच,
पण त्याचं रजिस्टर नसतं.

शेवटच्या दिवशी, जिथे तळ्याचं पाणी
झडपांतून समुद्रात सोडतात,
तिथे पायऱ्या उतरून मी ओंजळ भरली आणि प्यायलो.
उल्रिका ओरडली.
समुद्र ना हा, मग खारा का नाही?
गोडाही नाही, ती म्हणाली,
आणि तिला शब्द सापडेना.
मला सापडला होता.
वाघोटणच्या खाडीकाठी आमच्या विहिरीचं
मे महिन्यातलं पाणी. मचूळ.
एवढ्या लांब जाऊन तोंडात घरची चव.

बोटवाला अबू जासिम सांगतो,
बहरैन म्हणजे दोन समुद्र.
त्याचा आजा कातड्याची पखाल घेऊन बुडी मारायचा,
खाऱ्या तळाशी गोड्या पाण्याचा झरा असायचा,
तोंड बांधून वर आणायचा.
आता?
आता तो हात झटकतो, आणि इंजिन चालू करतो.

वैजयंतीचा फोन येतो.
चिपळूणच्या फ्लॅटचा शेवटचा हप्ता मार्चमध्ये गेला,
आता कसलं ओझं राहिलं, ती म्हणते,
या की परत.
हलकं वाटायला हवं होतं मला. वाट पाहिली.
एप्रिल गेला, मे गेला.
तिला कड्याचं सांगावंसं वाटलं,
पण लाइन तुटत होती,
आणि हजारो वर्षं हा आकडा
बायकोला सांगण्यासारखा नाही.

आज गुरुवार. पहाटे साडेचार,
ऊन चढायच्या आत.
चौदा नंबरच्या प्लेटवर पट्टी धरून शंभू उभा,
नवा पोरगा, घामाने निथळलेला.
नवं यंत्र दाखवतं: दोन मिलिमीटर.
वर.
वाळू वर येत नाही. पट्टी कललेली असणार.
नियम असा, की रीडिंग पुन्हा घ्यायचं.
घेईन.
शंभूला म्हटलं, आधी चहा आण,
आणि तो टपरीवरून येईपर्यंत
आकडा तसाच राहू दिला.